भोंग्याच्या टापूबाहेरचे उमापूर

७ मे २०२५ रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाच्या आदेशावरून देशातील २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत हवाई हल्ल्याची रंगीत तालीम घेण्यात आली. भोंगे वाजले, ठिकठिकाणी दिवे मालवण्यात आले, शाळकरी मुलांना बाकाखाली दडण्याचे धडे देण्यात आले. महाराष्ट्रातील सोळा ठिकाणांची नावे त्या यादीत होती. पहिल्या श्रेणीत मुंबई, उरण आणि तारापूर. दुसऱ्या श्रेणीत ठाणे, पुणे, नाशिक, पिंपरी-चिंचवड यांच्याबरोबर मनमाड, सिन्नर, थळ-वायशेत आणि रोहा-धाटाव-नागोठणे. तिसऱ्या श्रेणीत औरंगाबाद, भुसावळ, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. बीड जिल्हा कोणत्याच श्रेणीत नव्हता. तेव्हा त्या जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूरसारख्या गावाचा उल्लेख असण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

उमापूरवर बॉम्ब टाकायला कोण येणार आहे, असे यावर कोणी हसून विचारील. विचारणाऱ्याचे म्हणणे खोटे नाही. शत्रूच्या वैमानिकाला उमापूर ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु तीच यादी दुसऱ्यांदा वाचली म्हणजे वेगळीच गोष्ट ध्यानात येते. बंदर, अणुवीज केंद्र, तेलाचे साठे, खताचा कारखाना, रेल्वेचे जंक्शन यांच्यावर बोट ठेवीत ही यादी तयार झालेली आहे. माणसे तिच्यात आली आहेत ती या मालमत्तेची शेजारी म्हणून. ज्या गावात राखण्याजोगी मालमत्ता नाही त्या गावातील माणूस राखण्याच्या हिशेबात धरला जात नाही, आणि नागरी संरक्षण या संघटनेचा जन्मापासूनचा इतिहास पाहिला तर या हिशेबात आश्चर्य वाटण्यासारखे काही उरत नाही.

उमापूरच्या मुलखाने हवाई संरक्षणासाठी पूर्वी एकदा पैसे मोजलेले आहेत. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि ब्रिटिश हवाई दलातील तीन पथके हैदराबादचे नाव मिरवीत होती. पहिल्या महायुद्धात निजामाच्या देणगीतून सज्ज झालेले ११० वे पथक आणि दुसऱ्या महायुद्धातील १५२ वे व २५३ वे पथक. १९४० मध्ये जर्मनीने ब्रिटनवर विमाने सोडली तेव्हा १५२ व्या पथकाची स्पिटफायर विमाने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर आणि २५३ व्या पथकाची हरिकेन विमाने लंडनच्या दक्षिणेस लढत होती. १५२ व्या पथकाच्या मानचिन्हावर निजामाचे शिरोभूषण होते आणि त्याखाली ‘विश्वासू दोस्त’ या अर्थाचे इंग्रजी ब्रीद. हा दोस्त जो पैसा उधळीत होता तो मराठवाड्याच्या आणि तेलंगणाच्या रानातून येत होता. शेतसारा, जहागिरीची वसुली, आणि युद्धकाळात त्यावर सक्तीची धान्य लेव्ही. एकेका खेड्याच्या पदरचे किती आणे त्या विमानांत गेले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. विमाने मात्र उडाली. फॅसिझमविरुद्ध ती लढली याबद्दल कोणाची तक्रार असू नये. ज्या रयतेच्या घामातून ती उभी राहिली तिला कोणी विचारले नव्हते आणि तिच्या डोक्यावर छप्पर नव्हते, एवढेच नोंदवायचे आहे.

बरे, ज्या लंडनसाठी ही विमाने लढत होती तेथील कष्टकऱ्यांच्या तरी जिवाची काळजी वाहिली जात होती काय? विमानांनी आकाश सांभाळावे आणि जमिनीवरच्या माणसांनी स्वतःला सांभाळावे, अशी तेव्हाची वाटणी होती. जमिनीवरच्या कामासाठी ब्रिटनमध्ये एअर रेड प्रिकॉशन्स, म्हणजे ए. आर. पी., ही संघटना उभी राहिली आणि १९३७ च्या कायद्याने तिला बळ दिले. लोखंडी टोपीचा वॉर्डन, शिट्टी, वाळूच्या बादल्या, खिडक्यांवर काळे कागद हे तिचे रूप पुढे मुंबई-कलकत्त्यातही आले. स्पेनच्या यादवी युद्धात फॅसिस्टांची बॉम्बफेक जवळून पाहिलेले शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९३८ मध्ये ए. आर. पी. याच नावाचे पुस्तक लिहिले. सरकारने जमिनीखाली खोल, भक्कम आश्रयस्थाने बांधावीत अशी त्यांची मागणी होती. बार्सिलोनाच्या रहिवाशांनी आपापल्या गल्ल्यांखाली अशी हजारावर आश्रयस्थाने खणून ती शक्य असल्याचे दाखवून दिले होते. (हेच हाल्डेन १९५७ मध्ये हिंदुस्थानात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.)

ब्रिटिश सरकारने ही मागणी फेटाळली. फेटाळणारे कोण होते, हे मराठी वाचकाने मुद्दाम पाहावे. नागरी संरक्षणाचे मंत्री होते सर जॉन अँडरसन. १९३२ ते १९३७ या काळात ते बंगालचे गव्हर्नर होते आणि शेकडो तरुणांना खटला न चालवता डांबून ठेवणारी राजवट त्यांचीच. खोल आश्रयस्थानांचा विचार करण्यासाठी १९३९ मध्ये जी परिषद नेमण्यात आली तिचे अध्यक्ष लॉर्ड हेली. ते पूर्वी पंजाबचे आणि संयुक्त प्रांतांचे गव्हर्नर होते. खर्च आणि वेळ ही कारणे सांगण्यात आलीच. त्याखेरीज सरकारी वर्तुळांत एक युक्तिवाद असा फिरत होता की, सुरक्षित जागा मिळाली म्हणजे कामगार तेथून बाहेर यायचा नाही आणि कारखाना बंद पडेल. हिंदी रयतेला ज्या नजरेने पाहण्याची या मंडळींना सवय लागली होती त्याच नजरेने त्यांनी स्वदेशीच्या मजुराकडे पाहिले. परसात पत्र्याचे कमानदार खोपटे पुरून ठेवायची योजना अँडरसनसाहेबांच्या नावाने प्रसिद्ध झाली. ज्याला परस आहे त्याच्यासाठी ती ठीक होती. पूर्व लंडनच्या चाळीत राहणाऱ्या गोदी कामगाराने परस कोठून आणावे?

सप्टेंबर १९४० मध्ये बॉम्ब पडू लागले तेव्हा त्या कामगारांनी या प्रश्नाचे उत्तर स्वतः काढले. स्टेपनीचे कम्युनिस्ट नगरसेवक फिल पिराटिन सत्तर-ऐंशी बायामाणसांना घेऊन १४ सप्टेंबरच्या रात्री सॅव्हॉय या अतिश्रीमंतांच्या हॉटेलातील तळघरात शिरले आणि इशारा संपेपर्यंत तेथेच राहिले. भुयारी रेल्वेची स्थानके रात्रीच्या आश्रयासाठी वापरू नयेत असा सरकारचा हुकूम होता. लोकांनी स्वस्तातले तिकीट काढले, फलाटावर वळकट्या पसरल्या आणि ते हलले नाहीत. अखेर सरकारलाच तेथे झोपण्याची आणि शौचाची व्यवस्था करावी लागली. ज्या आश्रयस्थानांना नकार मिळाला होता त्यांचे कामही पुढे सुरू झाले. ए. आर. पी.चा हा इतिहास सरकारी गौरवग्रंथांतून वाचणाऱ्यास लंडनची जनता शिस्तीने रांगेत उभी असलेली दिसते. ती रांग सोडून आत घुसली, म्हणून तिच्यातले कित्येक वाचले.

साम्राज्याच्या पूर्वेकडील टोकाला असे घुसण्याची सोय नव्हती. २३ डिसेंबर १९४१ रोजी रंगूनवर जपानी बॉम्ब पडले. बंदरातील हिंदी मजूर मेले, उरलेले जीव घेऊन पळाले. त्यानंतर लाखो हिंदी माणसे ब्रह्मदेशातून पायी निघाली, हजारो वाटेत दगावली. त्या वाटांवरही गोऱ्यांसाठी वेगळी आणि काळ्यांसाठी वेगळी व्यवस्था असल्याचा बोभाटा देशभर झाला. पेनांगमधून तर गोरे लोक रातोरात काढून नेण्यात आले होते आणि बाकीचे शहर नशिबावर सोडण्यात आले होते. बेचाळीसच्या उठावापूर्वी इंग्रजांच्या संरक्षणावरचा हिंदी माणसाचा विश्वास का उडाला होता, हे समजण्यास या दोन गोष्टी पुरेशा आहेत.

कलकत्त्यावर २० डिसेंबर १९४२ पासून बॉम्ब पडू लागले. तेथे ए. आर. पी. होती, भोंगे होते, खंदक होते. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून बंगालच्या किनारी जिल्ह्यांतील होड्या सरकारने आधीच जप्त वा नष्ट केल्या होत्या आणि तांदळाचे साठे उचलले होते. कामगार पळून गेले तर युद्धसामग्रीचे उत्पादन थांबेल, या धास्तीने औद्योगिक कलकत्त्याच्या ‘अग्रक्रमाच्या वर्गांना’ धान्य पुरवण्याची योजना झाली. ते धान्य खेड्यांतून आले. मच्छीमाराची होडी गेली, शेतमजुराचा भात गेला, आणि १९४३ च्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेली. जपानी बॉम्बने मेलेल्यांची संख्या या आकड्यापुढे नगण्य ठरते. शहराच्या संरक्षणाची किंमत खेड्याने भरली, आणि ती मागताना खेड्याच्या नावे एकही भोंगा बसवण्यात आला नव्हता.

मुंबईवर जपानी विमाने आलीच नाहीत. वॉर्डन गस्त घालीत होते, दिव्यांवर टोप्या चढल्या होत्या, सारे आकाशाकडे पाहत होते. आणि १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज फुटले. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके, कापसाच्या हजारो गाठी आणि सोन्याच्या लगडींच्या एकतीस पेट्या होत्या. स्फोटकांचे जहाज धक्क्याला लावू नये, दूर पाण्यात उभे करून होड्यांनी माल उतरवावा, हा शांततेच्या काळातला साधा नियम. युद्धाच्या घाईत तो गुंडाळून ठेवण्यात आला होता, आणि धोक्याचे लाल निशाणही जहाजावर नव्हते. दुपारी आग दिसल्यापासून निर्णय घ्यायला अधिकाऱ्यांना अवधी मिळाला होता. जहाज बुडवावे की बाहेर काढावे यावर कोणाचाच अंतिम हुकूम निघाला नाही. पहिल्या स्फोटानंतर अर्ध्या तासाने दुसरा झाला. आठशेपासून तेराशेपर्यंत मृतांचे आकडे दिले जातात. सहासष्ट अग्निशामक जवान आगीशी झुंजताना गेले. १४ एप्रिल हा अग्निशमन दिन त्यांच्याच नावाने पाळला जातो. ऐंशी हजारांवर लोक बेघर झाले आणि ते बहुतांशी गोदीभोवतीच्या वस्त्यांतील कष्टकरी होते.

येथे ए. आर. पी.च्या स्वयंसेवकांना श्रेय द्यायला हवे. ते धावले, त्यांनी ढिगारे उपसले, जखमींना इस्पितळांत पोहोचवले. दोष त्यांचा नव्हता. त्यांना शत्रूचा बॉम्ब विझवायला शिकवले होते. आपल्याच सरकारचा दारूगोळा भरवस्तीत आणून ठेवण्यास हरकत घेण्याचा अधिकार त्यांना नव्हता, गोदी कामगारांच्या संघटनांनाही नव्हता. सरकारने बातमी दडपली. सायगावच्या जपानधार्जिण्या नभोवाणीने ती दुसऱ्याच दिवशी जगाला सांगितली आणि हिंदी वृत्तपत्रांना सविस्तर लिहिण्याची मुभा मे महिन्यात मिळाली. जहाजावर सोने किती होते याची नोंद चोख होती. माणसे किती मेली, याबाबत आजही पाचशेचा फरक आहे.

स्वयंसेवक दल कोणाला जबाबदार आहे, या प्रश्नाला मराठवाड्यात तर आणखी एक कडू अर्थ आहे. रझाकार या शब्दाचा मूळ अर्थ स्वयंसेवक असाच आहे. कासीम रझवीचे रझाकार हेही संस्थानाच्या ‘रक्षणासाठी’ उभे राहिले होते, आणि सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईपर्यंत बीड-परभणी-नांदेडच्या खेड्यांनी ते रक्षण कसे असते ते भोगले. त्याच दशकात साताऱ्याकडे कुंडलला निघालेली तुफान सेनाही स्वयंसेवकांचीच. तिच्या शिक्षा कठोर होत्या, काही वेळा अतिकठोर. पण दरोडेखोरांपासून गाव राखणारे हे तरुण गावच्या डोळ्यांसमोर वावरत होते आणि गावाला जाब देत होते. गणवेष दोन्हीकडे होता. फरक पडला तो जाब कोणाला द्यायचा यामुळे.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न सुटला असता. तसे झाले नाही. मुंबई प्रांतातील होमगार्ड ६ डिसेंबर १९४६ रोजी मोरारजी देसाई गृहमंत्री असताना उभे राहिले, ते दंगलीत पोलिसांना हातभार लावण्यासाठी. नागपूरला १९५७ मध्ये आपत्कालीन मदतीचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था निघाली; १९६८ मध्ये तिचे नामांतर राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय असे झाले. त्याच वर्षी नागरी संरक्षण कायदा आला. शत्रूच्या हल्ल्यापासून ‘व्यक्ती, मालमत्ता, जागा वा वस्तू’ यांचे रक्षण अशी त्यातली व्याख्या. शब्दांच्या क्रमात व्यक्ती पहिली आहे. यादी करताना हा क्रम उलटा होतो, कारण यादी करणाऱ्या नियंत्रकाला वरून हुकूम येतो आणि खालून कोणी प्रश्न विचारू शकत नाही.

डिसेंबर १९७१ मध्ये मुंबईत काळोख पाळण्यात आला. मोटारींचे दिवे अर्धे रंगवले गेले, खिडक्यांना तपकिरी कागद लागले. तो काळोख दोन आठवड्यांत संपला. १९७२ मध्ये बीड जिल्ह्यावर जे आले त्याची मुदत कोणी ठरवून दिलेली नव्हती. विहिरी आटल्या, गुरे गेली, माणसे खडी फोडायला रस्त्यावर बसली. त्या वेळी महाराष्ट्राला वाचवणारी गोष्ट भोंग्यातून निघाली नाही. दुष्काळी कामांवर मोर्चे निघाले, विधिमंडळात आणि बाहेर विरोधी पक्षांनी सरकारला सळो की पळो करून सोडले, वि. स. पागे यांची कल्पना पुढे आली, आणि रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये होऊन १९७९ पासून अमलात आला. त्यासाठी शहरातील नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. शहराने खेड्याच्या रक्षणासाठी पैसे भरावेत हे बंगालच्या अगदी उलट गणित होते, आणि मागेल त्याला काम हा त्यात हक्क होता. खऱ्या अर्थाने नागरी संरक्षण म्हणावे असे या राज्याने जे काही केले, त्यात याचा क्रम पहिला लागेल.

देशावर संकट असताना असले हिशेब काढू नयेत, असे सांगणारे पुढे येतीलच. त्यांनी पूंछकडे पाहावे. मे २०२५ मध्ये सीमेपलीकडून तोफा डागल्या गेल्या तेव्हा पूंछ शहरात डझनाहून अधिक नागरिक मेले. सीमेवरच्या त्या शहरात लोकांना शिरायला पुरेसे बंकर नव्हते. भोंगा वाजून जायचे कोठे, हा १९३८ मधला हाल्डेन यांचा प्रश्न तेथे सत्त्याऐंशी वर्षांनी तसाच्या तसा उभा राहिला. रंगीत तालमीने तो सुटत नाही, त्याला सिमेंट लागते.

आणि उमापूर? संसदेने २००९ मध्ये नागरी संरक्षण कायदा दुरुस्त करून आपत्तींनाही त्याच्या कक्षेत आणले; २०१० पासून ती दुरुस्ती अमलात आहे. म्हणजे पूर, वीज, आग, दुष्काळ यांपासून माणूस राखणे हे आता या दलाचे कायदेशीर काम आहे. श्रेण्या मात्र अजून शत्रूच्या विमानाच्या नजरेने पाडलेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली. बीड जिल्ह्यातच आष्टी तालुक्यात पुरात अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. जायकवाडीतून पाणी सुटले आणि गोदाकाठच्या गावांत भीतीच्या रात्री गेल्या. गेवराई तालुक्याच्या उत्तर सीमेवरून तीच गोदावरी वाहते. जिल्ह्याबाहेरून जवान येईपर्यंतचे तास गावकऱ्यांनी स्वतःच्या दोरांवर, ट्रॅक्टरवर आणि पोहणाऱ्या पोरांवर काढायचे, अशी ही व्यवस्था आहे.

याच कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे राज्य सरकारला राज्यातील कोणत्याही क्षेत्रासाठी नागरी संरक्षण दल स्थापन करता येते. बीडसाठी ते स्थापन करण्याची मागणी करण्यास दिल्लीच्या यादीची वाट पाहावी लागत नाही. मागणी करताना तिच्यात काय असावे हेही कार्यकर्त्यांनी ठरवून ठेवावे. दलात कोण घ्यायचे हे ग्रामसभेत ठरावे. होड्या, दोर, औषधे आणि धान्याचा साठा गावात असावा आणि त्याची किल्ली गावात असावी. धरणातून किती पाणी सुटणार ही सूचना तहसिलाच्या दाराशी न थांबता थेट वस्तीवर यावी. काम करणाऱ्या पोरांना दिवसाचा भत्ता मिळावा. होमगार्डना तो पोलिसांच्या किमान वेतनाच्या प्रमाणात द्यावा असे सर्वोच्च न्यायालयाला २०१५ मध्ये सांगावे लागले, हा अनुभव गाठीशी आहे. ग्रामसभेची तारीखही पाहून घ्यावी. दसऱ्यानंतर या भागातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि घराला कुलूप लागते. त्यांना वगळून केलेली नोंद म्हणजे पुन्हा तीच यादी. ही मंडळी परत आलेली असतात आणि मृग अजून लागायचा असतो, असे मे महिन्यातले काही आठवडे हाती आहेत.